खालीच राहिलेली कळशी

फार वर्षांमागे खाडीकाठच्या एका घरात उधाणाचं पाणी शिरलं. शेवंताने घाईघाईने तांदळाचा डबा माळ्यावर चढवला.

पिण्याच्या पाण्याने भरलेली कळशी खालून म्हणाली, "डबेदादा, मलाही वर घ्यायला सांगा हो."

डबा हसला. "पुरात पाणी वाचवायचं? येडी की काय तू!"

शेवंतालाही तसंच वाटलं. सगळीकडे पाणीच तर होतं.

पूर ओसरला, तेव्हा कळशीतलं पाणी खारं झालं होतं आणि विहिरीतलंही. लहानगी मंजी पाणी मागून मागून थकली. शेवंताने मूठभर तांदूळ काढले आणि तशीच उभी राहिली. "मंजे, पेज तरी कुठल्या पाण्यात शिजवू गं?"

माळ्यावरून डबा हळूच म्हणाला, "कळशे, माझ्या शेजारी तुझ्यापुरती जागा होती गं."