टाळ्यांची जागा

एकदा एका वृद्ध नाट्यगुरूंच्या शिष्येने त्यांच्याच गाजलेल्या नाटकावर चित्रपट केला. नायिकेच्या भूमिकेसाठी नटीही नाटकातलीच घेतली. समीक्षक स्तुती करून थकेनात. नायिका नवऱ्याला सांगते, “हे घर तुमचं आहे. मी तुमची नाही,” आणि नुसती उभी राहते. त्या शांततेवर तर सगळेच लुब्ध. एकाने लिहिले, ‘ही शांतता नाटकाला कधीच साधली नसती.’ निर्मात्या शेठजींनी नेमके तेवढेच वाक्य जाहिरातीत छापले.

गौरवसमारंभाच्या खेळाला गुरूही आले. पडद्यावर ते वाक्य आले, शांतता पसरली, आणि पहिल्या रांगेत गुरूंनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

“आजोबा, नाटक नाही हे,” मागून कुणी म्हणाले. लोक हसले.

मध्यंतरात शिष्या कानकोंडी होऊन जवळ आली. “अण्णा, काय हे?”

“इथे टाळी पडायची गं. आधी ही नटी थांबायचीच नाही, पुढचं वाक्य टाळ्यांत बुडायचं. थांबायला तिला प्रेक्षकांनी शिकवलं. तुझ्या कॅमेऱ्यापुढे टाळी नव्हती, तरी सवयीने थांबली. हो ना?”

“हो. चूकच होती. संकलनात कापणार होते, पण हात धजेना.”

“तो हात तुझा. त्याचं श्रेय पुरेपूर घे. पण त्या शांततेत आमच्या प्रेक्षकांच्या टाळ्या आहेत. आईला नावं ठेवून लेकीचं कौतुक चाललं असेल, तर लेकीने निदान मान डोलावू नये.”

शेठजी शेजारीच होते. “मॅडम, वर जाऊन फक्त आभार माना. पुढचा सिनेमा करायचाय ना आपल्याला?”

मंचावर मानपत्र वाचले गेले: ‘नाटकाला मागे टाकणारी कलाकृती.’

“कौतुक घेते,” ती म्हणाली. “हे मानपत्र घेत नाही. ती शांतता तुम्ही प्रेक्षकांनीच टाळ्या वाजवून नाट्यगृहात घडवलीत. जाहिरातीतलं ते वाक्य काढा, नाहीतर माझं नाव काढा.”

शेठजींनी तोंड फिरवले. ती हलली नाही. नायिका थांबते तशी थांबून राहिली. गुरूंनी या वेळी हात मांडीवरून उचललेही नाहीत. टाळी आली ती मागून, त्या हसणाऱ्यांच्याच रांगेतून.

माझ्या लेकीला कुणी ‘आईसारखी घाबरट नाही हो’ म्हणून शाबासकी दिली, की मी अजून नुसती हसते; पुढच्या वेळी तोंड उघडीन म्हणते.