न मागितलेली भाकरी

“आणि भिक्षा मागताना म्हणालीस काय?”

वैजयंतीबाईंनी भरलेली झोळी मठाच्या गुरू अक्कांच्या पुढ्यात ठेवली. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी, वर गुळाचा खडा. नवख्या साधकाच्या झोळीत गावाने इतके कधी घातले नव्हते.

“झोळी भरली ना, अक्का? शब्दांचं काय एवढं?”

“शब्दांचंच तर विचारतेय.”

गिरणा नदीकाठच्या त्या मठाचा दंडक जुना होता. ज्याला दीक्षा हवी, त्याने आधी गावात जाऊन भिक्षा मागून आणावी. वैजयंतीबाई प्राचार्य म्हणून निवृत्त झालेल्या. उभा जन्म इतरांच्या परीक्षा घेण्यात गेलेला. ही परीक्षा त्यांना पोरखेळ वाटली होती.

“पहिल्या घरी जोंधळे निवडून दिले. पुढे एका मुलीचं गणित अडलं होतं, ते सोडवलं. एका म्हातारीच्या डोळ्यांत औषध घातलं. सगळ्यांनी आपण होऊन वाढलं.”

“ही मजुरी झाली, बाई. भिक्षा कुठाय?”

“फुकटचं मी कधी घेतलं नाही. कुणापुढे हात पसरला नाही.” मान ताठ होती. “यालाच वैराग्य म्हणतात ना?”

“एवढं वैराग्य आहे, तर झोप का गेली?”

आल्या दिवशी वैजयंतीबाईंनीच सांगितले होते, अहवाल वाचून दाखवावा तसे: निवृत्तीनंतर सून आयते ताट पुढे ठेवू लागली आणि घास घशाखाली उतरेना. छातीत धडधडे. रात्र जागून जाई. डॉक्टरांनी लहानपणाविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘मला लहानपण लागलंच नाही.’ एखादे पदक दाखवावे, तशा म्हणाल्या होत्या.

“शेवटचं कधी मागितलंस?” अक्कांनी विचारले.

“सांगितलं ना, कधीच नाही.”

“जन्माला येताना सगळीच मागत येतात. तू थांबलीस कधी?”

“आई अंथरुणाला खिळली होती,” वैजयंतीबाई शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या. “मी सहा वर्षांची. भूक लागली म्हणाले. ती म्हणाली, थांब, आधी धाकट्याचं होऊ दे.”

“मग?”

“थांबले. त्याला मी भरवलं. ती गेल्यावर घर मीच उभं केलं. एकदाही रडले नाही, अक्का. भाऊ आज नावाजलेला सर्जन आहे.”

“ते नाही विचारलं. तुझं जेवण झालं का?”

वैजयंतीबाईंनी झोळीतल्या भाकऱ्या पुन्हा नीट रचल्या.

“दीक्षा देणार की नाही, तेवढं सांगा.”

अक्कांनी ती भरलेली झोळी उचलून बाजूला सारली. आत जाऊन स्वतःच्या वाटणीची अर्धी भाकरी घेऊन आल्या. ती त्यांनी पुढे केली नाही. पदरात धरून समोर बसून राहिल्या.

वैजयंतीबाईंचा हात भाकरीकडे निघाला... आणि अर्ध्या वाटेतून, सवयीने, कोपऱ्यातल्या केरसुणीकडे वळला.

अक्कांनी तो मनगटाशी धरला.

“धाकट्याचं झालं, पोरी. आता माग.”