रिकामा शंख

एका बंदरगावात विश्वंभरपंत नावाचे अत्तरांचे एक व्यापारी राहत. त्यांना शंखांचा भारी नाद. एकदा ते पत्नीसह एका बेटाच्या सहलीला गेले. त्या सहलीतली होडी पांढरी होती की निळी, हे त्यांना पुढे नीट आठवेना. होडीच आठवत नाही, तर बाकीचे तरी खरे कशावरून, अशी शंका त्यांना छळे. शंख मात्र पक्का आठवे.

बेट ज्वालामुखीतून वर आलेले, काळेभोर आणि राखीव. तिथे पाऊल ठेवायचे नाही, पाण्यात तरंगत नुसते पाहायचे, आणि दुपारचा वारा सुटण्याआधी परतायचे. जानू नाखव्याची होडी कॅटमरान होती, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन नावा आणि मध्ये ताणलेले जाळे. नाखव्याचा एक रिवाज होता. परतताना नांगर उचलण्याआधी प्रत्येकाने बेटाला आपले दोन्ही तळहात उघडे करून दाखवायचे, म्हणजे इथले काही नेत नाही.

पंतांनी डोळ्यांवर काच चढवली, तोंडात नळी धरली आणि पाण्यात डोके घातले. खाली रंगीत मासे खडक कुरतडत होते. त्यांची कुरकुर चक्क कानांना ऐकू येत होती. ती कुठून येते हे शोधता शोधता पंतांना कपारीत एक केशरी शंख दिसला. घरच्या कपाटात नेमका याच जातीचा खण कित्येक वर्षे रिकामा होता. पंतांनी शंख उलटून पाहिला. आत कोणी नव्हते. ‘रिकामाच तर आहे,’ असे म्हणत त्यांनी तो कमरेला खोचला.

होडीवर सगळ्यांनी तळहात दाखवले. पंतांनीही दाखवले. पत्नी सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, “हात रिकामे आहेत हो. पण पोट एकाच बाजूला कधीपासून सुटलं?”

पंत जाळ्यावर पालथे पडले आणि स्वच्छ पाण्यात पाहू लागले. शंखाच्या जागी एक खेकडा आला होता, रिकाम्या शंखात घर करणाऱ्या जातीचा. पाठीवरचा शंख त्याला लहान पडत होता, निम्मे अंग उघडेच. तो ती जागा चाचपे, फिरे, पुन्हा चाचपे. वर एक मासा घिरट्या घालत होता.

“काय शोधतोय हा?” पंतांनी विचारले.

“तुम्हाला ठाऊक,” सुभद्राबाई म्हणाल्या.

नाखव्याने नांगराच्या दोराला हात घातला. आता बोलावे, तर चारचौघांत चोर ठरायचे. गप्प राहावे, तर मासा खाली सरकतच होता. पंतांनी शंख काढून वर धरला.

“नाखवा, थांबा. मी खोटे हात दाखवले.”

नाखव्याने दोर सोडला आणि म्हणाला, “वारा सुटतोय, पंत. लवकर ठेवून या.”

“आणि कपाटातला खण?” पंत पुटपुटले.

“त्यात कोण राहायला येणार होतं?” सुभद्राबाई म्हणाल्या.

पंतांनी शंख कपारीत ठेवला. खेकड्याने आत पाय घालून माप घेतले आणि झटकन बिऱ्हाड हलवले. मग त्याने टाकलेल्या शंखात एक छोटा खेकडा शिरला, आणि त्या छोट्याच्या शंखात आणखी छोटा.

हे शेवटचे आपण पाहिले की मागाहून रचले, हे पंतांना कित्येक वर्षे कळेना. म्हातारपणी त्यांनी समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना भीत भीत विचारले. त्या म्हणाल्या, “खरं आहे. एक मोठा शंख मिळाला, की खेकडे असेच ओळीने घरं बदलतात.”

तात्पर्य: जे आपल्याला बेवारशी वाटते, त्याची वाट पाहणारा कुणीतरी असतो, म्हणून उचलण्याआधी थांबून पाहावे, आणि उचललेच असेल तर लाज गिळून परत ठेवावे.