चिंतामणी रंगाचे नाव

एका राज्यात सुरथ नावाचा राजा होता. त्याने एका मांत्रिकाच्या गुहेतून चिंतामणी पळवून आणला. मनात चिंतावे ते देणारा तो मणी. राजाने तो कोठारात कुलूपबंद केला आणि त्याच दिवशी मांत्रिकाचा शाप लागला. राज्यातला निळा रंग नाहीसा झाला. आकाश राखेसारखे झाले, तळे शिशासारखे. राजकन्या इरावती आधी आकाशाकडे पाहीनाशी झाली, मग जेवीनाशी झाली, मग बोलेनाशी झाली. राजाने मणी हाती घेऊन निळाई मागितली, पण चोरट्या धन्याचे मणी ऐकेना.

तेव्हा एक खंड्या पक्षी दरबारात आला. त्याचेही पंख मातकट झाले होते. तो म्हणाला, "राजा, मणी रंगाऱ्याच्या हाती दे. नागझरीचे पाणी, राक्षसिणीने कातलेले सूत आणि मांत्रिकाची संमती जो आणील, त्याच्या हातून शाप सुटेल."

एकही रंगारी पुढे येईना. शेवटी सगुणा रंगारीण उठली आणि राजाने मणी तिच्या हाती दिला. तिचा नवरा वारला होता, आणि त्याने रंगवलेला निळा शेला आता राखाडी पडला होता.

नागझरीवर म्हातारा नाग अडकलेल्या कातीने तळमळत होता. ओले वस्त्र न फाटता कसे सोडवावे हे सगुणाच्या हातांना ठाऊक होते. तिने कात सोडवली, नागाने पाणी दिले. राक्षसिणीच्या सुताचा गुंता झाला होता. तो उलगडायला सगुणाला तीन दिवस लागले. राक्षसिणीने अर्धे सूत तिला दिले आणि जाताना शिदोरीही बांधून दिली.

मांत्रिक मात्र हसला. म्हणाला, "मणी तुझ्याच हाती आहे. नवरा परत माग, मिळेल."

सगुणाचे डोळे भरून आले.

"मागावेसे फार वाटते," ती म्हणाली. "पण मणी तुमचा. चोरून आणलेल्या वस्तूपाशी मी काय मागू?"

मणी त्याचा आहे, असे आजवर कोणी म्हटले नव्हते. मांत्रिकाचा राग निवला. त्याने मणी रंगात विरघळवायला संमती दिली.

सगुणाने नागझरीच्या पाण्यात मणी सोडला. तो विरघळला. त्यात सूत बुडवून तिने पिळून झटकले, तो ना आकाशाचा, ना मोराचा, दोहोंच्या मधला निळा रंग झळाळला. थेंब उडाले तशी निळाई साऱ्या राज्यावर पसरली. खंड्या उजळून तळ्याकडे उडाला. इरावतीने दूधभात मागितला. राजा अनवाणी गुहेपर्यंत गेला आणि मांत्रिकाची क्षमा मागून आला.

राजा म्हणाला, "या रंगाला सगुणी म्हणू."

सगुणाने हात जोडले. "महाराज, आपल्यासाठी मणी विरघळला. त्याचे उपकार फेडायला तो आता कुठे सापडायचा? नाव त्याचेच ठेवा."

म्हणून त्या रंगाला चिंतामणी म्हणतात. त्या राज्यातल्या रंगारणी त्या रंगातले पहिले सूत हौदातून काढले की आधी कपाळाला लावतात, मग वाळत घालतात.