तांबजाईचा एकुलता एक नर

एका राज्यात, जिथे सकाळी उठून आधी नदीला हात जोडायचे आणि मग राजाला, अशी रीत होती, तिथे तांबजाई नावाची नदी वाहत होती. तिच्यात खडस नावाचे सोनेरी खवल्यांचे मोठे मासे राहत. पावसाळा लागला की ते प्रवाहाच्या उलटे चढत डोंगरातल्या उगमाच्या डोहाशी जात, तिथल्या गोट्यांमध्ये अंडी घालत आणि परत खाली येत.

राजा रणधवलाला खडस फार प्रिय. डोळ्यांना नव्हे, जिभेला. त्याच्या पदरी काळकेतू नावाचा मांत्रिक होता. त्याने मूठभर भस्म फुंकलं आणि एका प्रहरात राजवाड्यासमोर नदीवर काळ्या दगडांची भिंत उभी केली. चढून आलेले मासे भिंतीपाशी अडत, आणि राजा पायरीवर बसून हवा तो मासा निवडी.

अशी तीन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी श्रावणात मासोळ्यांची राणी आली. पोट अंड्यांनी भरलेलं, अंगावर ऊन पडलं की पाहणाऱ्याचे डोळे दिपत. राजाने मल्हारी भोयाला जाळं टाकायला सांगितलं.

मल्हारीने हात जोडले. "महाराज, पोटुशी आहे. सोडून द्यावी."

"जाळं टाक," राजा म्हणाला, "नाहीतर भोईवाडा पेटवतो."

मल्हारीने जाळं टाकलं. राणी पायरीवर तडफडली आणि मरताना बोलली, "ज्याने जाळं टाकलं तो पाण्यात राहील. ज्याने टाकायला लावलं त्याच्या ओठी लागलेलं पाणी खारट होईल. माझं पोट ज्या डोहात रिकामं व्हायचं होतं, तिथे माझ्या लेकींची अंडी जगली, तरच शाप सुटेल."

सगळ्यांच्या देखत मल्हारीच्या अंगावर खवले चढले आणि तो पाण्यात दिसेनासा झाला. त्याची बायको राही घाटावर उभी होती. तिच्या हातात त्याची शिदोरी होती. ती तशीच धरून ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली.

सात वर्षं लोटली. नदीतले मासे सरले. भोई एकेक करून दुसऱ्या मुलखात निघून गेले; राही तेवढी राहिली. राजा खारट पाणी पिऊन वाळत चालला. काळकेतू सांगे, "महाराज, सारा त्या मासोळीचा शाप. आपला काय दोष?"

एके सकाळी राहीच्या कुडावर एक म्हातारा खंड्या येऊन बसला. त्याच्या निळ्या पंखांचा रंग उडाला होता.

"राहीबाई," तो म्हणाला, "माझी चार पिलं उपाशी मेली. तुमचं दुःख आणि माझं एकाच पाण्यातलं आहे. उगमाच्या डोहाशी जायला हवं."

"डोह मला काय देणार?"

"आधी विचारणार. नदीत किती उरले, त्यांचं वय काय, आणि त्यांची वाट कोणी अडवली. उत्तरं खरी हवीत, आणि ती मिळवताना एकही मासा मरता कामा नये."

राहीने मऊ सुताचं जाळं विणलं. कार्तिकापासून वैशाखापर्यंत ती भिंतीपासून संगमापर्यंत डोह न् डोह हिंडली. मासा सापडला की ओल्या हातांनी धरायचा, पाठीवरच्या परावर लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा आणि सोडायचा, म्हणजे तोच मासा पुन्हा मोजला जाणार नाही. शेवटी शेवटी तर जाळ्यात येई तो प्रत्येक मासा टाक्याचाच निघू लागला. तेव्हा तिने ओळखलं की गणती पुरी झाली. एवढ्या मोठ्या नदीत खडस उरले होते अकरा. दहा माद्या, एक नर.

प्रत्येकाचा एकेक खवला तिने काढून घेतला होता. खंड्याच्या सांगण्यावरून तिने ते उन्हात धरले. झाडाच्या बुंध्यात असतात तशी खवल्यात वलयं होती, वर्षाला एक. सगळ्यात लहान मादीच्या खवल्यात दहा वलयं भरली.

राही दचकली. शाप सात वर्षांचा. मग आधीच्या तीन वर्षांत जन्मलेला एकही मासा कसा नाही? भिंत मात्र दहा वर्षांची होती.

मग तिने नराचा खवला उचलला. त्यात सातच वलयं होती, आणि त्यांच्या आतली जागा कोरी, माणसाच्या नखासारखी गुळगुळीत.

तिने तो खवला मुठीत धरला आणि खाली बसली.

खंड्या म्हणाला, "ऐका. डोहाचं पाणी ओंजळीने पाजलंत, तर तो त्याच क्षणी माणूस होईल. पण मग नदीत नर उरणार नाही. आणि त्याने पाण्यात संसार मांडला, तर शाप सुटला तरी तो कायमचा पाण्याचाच."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मोजलं असतंत का?"

राही उठली आणि राजवाड्यात गेली. राजापुढे तिने खवले मांडले.

"महाराज, मासे शापाने नाही सरले. शापाच्या तीन वर्षं आधीच सरायला लागले होते. वलयं मोजून पाहा."

राजाने एकेक खवला मोजला. काळकेतू पुढे झाला. "महाराज, भिंत पडली तर माझी विद्या जाईल."

"आणि राहिली तर?" राजाने विचारलं.

राजा स्वतः पाण्यात उतरला आणि भिंतीचा पहिला दगड त्याने हाताने उपसला. दुसरा उपसला. तिसऱ्याला भिंत खचली. तिच्याबरोबर काळकेतू मूठभर भस्म झाला आणि पाण्याबरोबर वाहून गेला.

पाऊस लागताच अकराही मासे चढणीला लागले. राही काठाकाठाने नऊ दिवस चालली. डोहाशी पोचल्यावर पाणी बोललं.

"किती उरले?"

"अकरा."

"वय?"

"दहाच्या आतलं कोणी नाही. फक्त नर सात वर्षांचा. तो माझा आहे."

"वाट कोणी अडवली?"

"राजाने. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि गप्प बसलो."

डोह शांत झाला. नर काठाशी आला. डोहाने त्याला तीन बोलांपुरती वाचा दिली.

"राही, किती वाळलीस गं."

राही गुडघ्यावर बसली. तिची ओंजळ भरलेली होती. "तुम्ही सांगा. पाजू का?"

मल्हारी मागे वळला. दहाही माद्या गोट्यांजवळ थांबल्या होत्या. "जाळं मीच टाकलं होतं," तो म्हणाला.

तिच्या बोटांमधून पाणी गळत होतं. तिने ते गळू दिलं.

"थंडी वाजेल," तो म्हणाला, "आता घरी जा." आणि तो खोल पाण्यात वळला.

राही गेली नाही. अंडी फुटून काडीएवढी पिलं गोट्यांमधून बाहेर येईपर्यंत ती काठावर बसून राहिली. त्या दिवशी राजवाड्यात राजाने पेला तोंडाला लावला आणि पाणी गोड लागलं. तो पेला ठेवून रडला, असं म्हणतात.

मग राज्यभर दवंडी फिरली: आषाढापासून भाद्रपदापर्यंत कोणी जाळं टाकायचं नाही, ज्या जाळ्याच्या छिद्रातून तीन बोटं जात नाहीत ते विणायचं नाही, आणि नदी अडवायची नाही, राजानेसुद्धा. दरवर्षी मासे मोजायचं काम राहीकडे आलं. चौथ्या वर्षी भोई परतले, चुली पेटल्या, खंड्याच्या जातीची नवी घरटी काठाच्या मातीत दिसू लागली.

परतलेल्या बायकांना एक कोडं पडलं होतं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्या राहीच्या दारापुढून दोनदा गेल्या आणि दोनदा थबकल्या. शेवटी सर्वांत वडील होती ती यमुनाकाकू आत आली.

"राही, राग मानू नकोस. तुला लावावं की नाही, कळत नाही बघ."

राही जाळं विणत होती. तिने हातातलं सूत खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि कपाळ पुढे केलं.

"लावा, काकू," ती म्हणाली. "ते आहेत. फक्त माझे नाहीत."