वाफवाडीच्या कुंडातल्या पाठी

राजे-राण्या कालच संपल्या. आज राजा नाही, राणी नाही, घोडासुद्धा नाही. आज आहे एक उंट आणि एक हौसा. उंट मधेच निघून जाईल, हौसा शेवटपर्यंत राहील. पाय आत घ्या आणि ऐका.

तर ही हौसा राहायची वाळवंटाच्या काठावर. डोळ्यांत वाळू, भाकरीत वाळू, शिंकलं तरी नाकातून वाळू. तिला नवरा नव्हता, दीर-जावा नव्हत्या. होती ती एक मुलगी, मैना. पाच वर्षांची. दर रविवारी हौसा तिला दगडावर बसवायची, ऊन पाणी घालायची आणि पाठ चोळायची. एवढीशी पाठ, वीतभर. हौसाने हात ठेवला की संपली.

मग एक दिवस काय झालं, मिठाचे व्यापारी दारापुढे पाणी प्यायला थांबले. एक उंट बसला होता, त्याच्यावर रजयांचा ढीग. मैना खेळता खेळता त्या ढिगात शिरली आणि झोपली. उंट उठला आणि चालू लागला. त्याने सांगायला नको? पण त्याचं तोंड सदा चघळण्यात. पुढे आलं वादळ. रजया उडाल्या, आणि मैना कुठल्याशा वाळूत जाऊन पडली. कुठे ते मला माहीत आहे. पण इतक्यात सांगणार नाही. उंट गेला हो, त्याचं काम झालं.

हौसा रडली. मग डोळे पुसून निघाली. तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा उंटवाला भेटला. तो म्हणाला, "बाई, वाळूत हरवलेलं माणूस कधी ना कधी वाफवाडीला येतंच. अंगाला एवढी वाळू लागल्यावर धुणार कुठे?"

हौसाला पटलं. तुम्हाला पटलं नसेल तर गप्प राहा.

वाफवाडी म्हणजे वाळवंटाच्या पोटातलं गाव. अठरा घरं, एक बाभूळ, आणि जमिनीतून बुडबुडत वर येणारं कढत पाणी. त्या पाण्याला दगडी कुंड बांधलेलं. पुरुषांचं कुंड टेकडीपलीकडे, तिकडे आपल्याला काय करायचंय! बायका दूरदूरच्या वस्त्यांवरून यायच्या, गळ्यापर्यंत बुडायच्या आणि म्हणायच्या, "अगाई गं!" तसं म्हटल्याशिवाय आजवर त्या पाण्यात कुणी उतरलेलीच नाही. आणि वाफ अशी, की आपलं नाक आपल्याला दिसायचं नाही. आपल्या दामूचं दिसलं असतं. ते कशातही दिसतं.

आणि रिवाज असा बरं का, की पुढे जी बसली असेल तिची पाठ आपण चोळायची. मग आपण वळायचं आणि तिनं आपली चोळायची. ओळख असो नसो.

हौसा आधी घरोघर विचारत फिरली, "मैना आहे का हो कुणी, मैना?" मैना नावाची एक शेळी निघाली. तीही मारकी. हौसा म्हणाली, असू दे. नाव चुकेल, माझा हात चुकायचा नाही. पाच वर्षं चोळलेली पाठ मी डोळे मिटून ओळखीन. तिने कुंडाशेजारी झोपडं घातलं, मूठभर डाळीचं पीठ घेतलं, आणि उतरली पाण्यात.

मग चोळतच सुटली. हाडकुळ्या पाठी, तुळतुळीत पाठी, उन्हाने तडकलेल्या पाठी. एका वाण्याच्या बायकोची पाठ तर एवढी रुंद, की अर्ध्यावर आल्यावर हौसाने थांबून भाकरी खाल्ली. प्रत्येक पाठीवरून हात फिरवायचा, आणि मनात म्हणायचं, ही नव्हे. बायका म्हणायच्या, "वळ आता, तुझी चोळते." हौसा म्हणायची, "माझं राहू दे, मला अजून पुष्कळ बघायच्यात." की गेली पुढे.

कुंड रिकामं झालं की मग ती एकटी काठावर बसायची. पाण्याबाहेर एक गुळगुळीत दगड होता, वीतभर रुंद, खालच्या वाफेने ऊन झालेला. त्याच्यावरून हात फिरवत राहायची. दगडाला "इकडचा खांदा कर" असंसुद्धा म्हणायची.

आता सांगते मैनाचं. पण हौसाला सांगू नका. मैना पडली ती एका मेंढपाळणीच्या वस्तीजवळ. मेंढपाळणीने तिला उचललं, लेकीसारखं वाढवलं. वाळूत सापडली म्हणून नाव ठेवलं वाळू. हळूहळू पोर आपलं नाव विसरली, घर विसरली, सगळं विसरली. विसरायचंच वय ते. तुम्ही काल काय जेवलात ते तरी आठवतंय का?

मग एकदा ती वस्ती वाफवाडीला न्हायला आली. वाळू तेव्हा नऊ वर्षांची. वाफेत ती नेमकी हौसाच्या पुढे येऊन बसली. हौसाने पाठीवर हात ठेवला. ओरडू नका! हौसा गोष्टीत आहे, तिला तुमचं ऐकू जात नाही. हौसाने हात फिरवला आणि म्हणाली, लांब आहे. माझ्या मैनाची वीतभर.

कळलं ना? तिचे हात पाच वर्षांची पाठ शोधत होते. आणि पोरी तर वाढतात.

वाळू म्हणाली, "वळा मावशी, तुमची चोळते." हौसा म्हणाली, "राहू दे गं, मला पुष्कळ बघायच्यात."

मग वाळूचं लग्न ठरलं. हळदीचं अंग धुवायला पुन्हा वाफवाडीला आली. हौसाच्या हाताखाली पाणी पिवळं झालं. ही तर भरलेली पाठ, हौसा म्हणाली, ही नव्हे. वाळू म्हणाली, "वळा ना मावशी." हौसा म्हणाली, "राहू दे." पण त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही. का, ते तिलाही कळलं नाही.

मग पुष्कळ दिवस गेले. हौसाचे केस पांढरे झाले. वाळूला मूल झालं. सव्वा महिना झाल्यावर ती न्हायला आली, बाळ सासूपाशी काठावर ठेवलं आणि "अगाई गं" करत पाण्यात बसली. मागून हात आला. चोळून झालं.

वाळू म्हणाली, "वळा आजी."

"माझं राहू दे, मला अजून..."

"पुष्कळ बघायच्यात! माहीत आहे. तिसऱ्यांदा ऐकतेय. आवाज काय मी विसरले? दोनदा पळालात, आज सोडणार नाही. बाळंतिणीचं मन मोडायचं नसतं. वळा मुकाट्यानं!"

हौसा वळली. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. वाळूचा हात खाली गेला, वर आला, आणि दोन खांद्यांच्या मधे थांबला. तिथे एक चामखीळ होती, हरभऱ्याएवढी. हौसाला ती कुठे दिसायची! आपली पाठ आपल्याला दिसते का?

वाळूने ती चिमटीत धरली. आणि तिची जीभ तिला न विचारताच बोलली, "आई, हा हरभरा निघत नाही गं."

बोलली आणि स्वतःच दचकली. अगं बाई, हे मी काय म्हटलं?

हौसा हलली नाही. वळलीसुद्धा नाही. दर रविवारी पोरीची पाठ झाली की पोर आईची चोळायची, आणि तो हरभरा काढायला बघायची. आणि दर रविवारी हौसा जे म्हणायची तेच ती म्हणाली.

"ओढू नको, दुखतं."

मग काय! दोघी इतक्या रडल्या, की कुंडाचं पाणी खारट झालं. अजून आहे. खोटं वाटत असेल तर चाखून या.

मग हौसा मैनाच्या घरी राहायला गेली. मैनाला आई मिळाली, बाळाला आजी मिळाली, सासूला भांडायला विहीण मिळाली. सगळी सुखात राहिली. पाच वर्षांची मैना तेवढी हौसाला मिळाली नाही. ती वाटेतच कुठेतरी मोठी होऊन गेली. सुखातसुद्धा हौसाला तिची आठवण यायची. तुमच्या आईला विचारा, तिचंही एक तान्हं असंच गेलंय, आणि ते तूच होतास, दाम्या.

आता नको विचारू! उद्या विचार. वळा सगळे त्या कुशीवर, पाठी इकडे करा, मी हात फिरवते. आधी झोपेल त्याला जास्त वेळ.