बुजगावण्याची छाती

वस्तू बोलत असत आणि माणसं ऐकत नसत, त्या काळी चैत्रात वत्सलाकाकूंनी परसातले टोमॅटो राखायला मला, म्हणजे बुजगावण्याला, उभं केलं. मडक्यावर चुन्यानं तोंड काढताना त्यांचा हात हलला आणि मी कायमचा हसरा झालो.

लगेच एक बुलबुल खांद्यावर येऊन बसली. "दादा, तुमच्या सदऱ्याच्या खिशात घरटं बांधू का?"

"पाखरांनी मला घाबरायचं असतं," मी बजावलं.

"घाबरले असते हो, पण तुम्ही हसताय."

बोलता बोलता तिनं खिशात पहिली काडी खोचलीसुद्धा. पुढे ती टोमॅटोवरच्या अळ्या वेचून पिल्लांना भरवू लागली. वैशाखात झाडं लगडली. काकू शेजारणीला म्हणाल्या, "याच्या धाकानं एक पाखरू फिरकत नाही इकडे."

मी ऐटीत छाती पुढे काढली. खरं तर ती आधीच पुढे आलेली होती, खिशात तीन पिल्लं झोपली होती म्हणून.